हवा कुणाच्या बापाची?

आठवीत होतो. शाळेत तपासणी आली. वर्गातल्या साठ पोरांसमोर मला वजनकाट्यावर उभं केलं आणि सरांनी आकडा मोठ्यानं वाचला. एकाहत्तर किलो. वर्ग हसला. सरही हसले. त्या दिवसापासून माझं नाव गेलं आणि 'एकाहत्तर' हेच नाव पडलं. त्याच आठवड्यात पीटीच्या तासाला शिट्टी वाजली, पोरं पळाली आणि सर मला म्हणाले, "तू नको रे. तुझ्यानं नाय होणार. तू दप्तरं सांभाळ." मी बसलो. दहावी संपेपर्यंत बसलो. तीन वर्षं मी साठ दप्तरांचा वॉचमन होतो.

हे रडगाणं नाही. माझ्यासारखी पोरं आज प्रत्येक वस्तीत, प्रत्येक वर्गात आहेत आणि त्यांनाही कुणी ना कुणी असंच बसवून ठेवलंय. ज्याला पळायची सगळ्यात जास्त गरज त्यालाच रेघेबाहेर बसवायचं, ही या शाळांची अक्कल. आणि रेघेबाहेर बसणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवायला नको.

परवा अभ्यासवर्गात मी हा विषय काढला तर एक जुना साथी भडकला. "पोरं कुपोषणानं मरतायत, पोरींची अब्रू लुटली जातेय, नोकऱ्या ठेकेदारांनी खाल्ल्या, आणि तुला पोटावरची चरबी सुचतेय? हा शेठजींचा रोग आहे. मरू दे त्यांना त्यांच्या चरबीनं." टाळ्या पडल्या. मलाही क्षणभर वाटलं, बरोबर बोलतोय. मग घरी येऊन आकडे काढले.

२०१६ ते २०१८ या काळात केंद्र सरकारनं देशभरातल्या पोरांच्या पोषणाची पाहणी केली. १० ते १९ वयाच्या दर शंभर पोरापोरींत २४ हडकुळी निघाली आणि ५ जाडी. इथवर माझा साथी बरोबर. पण त्याच पाहणीत रक्तही तपासलं होतं. शंभरातल्या १० जणांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. जाडी पाच आणि साखर दहांची! म्हणजे काटा ज्यांना जाडं म्हणत नाही त्यांच्याही अंगात रोग शिरलाय. आणि जाड्यांची संख्याही थांबलेली नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं २०२४ साली जगभरचा हिशोब छापला. त्यात भारतातली ५ ते १९ वयाची लठ्ठ पोरं १९९० साली सुमारे ४ लाख होती. २०२२ साली सव्वा कोटी.

खरंय, जाडी पोरं अजूनही पैसेवाल्यांच्या घरात जास्त. पण वस्तीत येऊन बघा. शाळेच्या फाटकापासून घरापर्यंत प्रत्येक टपरीवर पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकतायत. रेशनवर काय मिळतं? मानशी ५ किलो तांदूळ नाहीतर गहू. डाळ, अंडं, भाजी तुमची तुम्ही बघा. आई सकाळी सहाला धुण्याभांड्याला बाहेर पडते, पोरगं वडापाव खाऊन शाळेत जातं, पाकीट फोडत परत येतं आणि रात्री भात. पोट भरतं, अंग भरत नाही. एकाच घरात थोरली काडीसारखी आणि धाकटा फुगलेला, हे मी डोळ्यांनी बघतोय. दोघांचाही रोग एकच. त्याचं नाव गरिबी.

आता जरा पुण्याला चला. तिथं डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बाया आणि त्यांची बाळं यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं भरलं. इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनचं बाळ ३.५ किलोचं. आपलं बाळ हातापायानं काडी, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं राखलेली. बारीक दिसणारं चरबीचं बाळ! २००४ साली याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र जॉन युडकिन या दोघांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच जोडीचा फोटो छापला. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काटा दोघांना एकच मार्क देतो. काटा किती खोटं बोलतो ते यावरून समजा.

ही गोष्ट सगळ्याच भारतीयांची आहे, एकट्या आपली नाही. कुठल्या जातीच्या रक्तात काही असतं असल्या भिकार कल्पनेला इथं जागा नाही. प्रश्न रक्ताचा नाही, भुकेचा आहे. आई अर्धपोटी राहिली की पोटातलं बाळ बाहेरच्या दुष्काळाची तयारी करूनच जन्माला येतं, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. मिळेल ते साठव, स्नायूंवर खर्च करू नकोस. मग बाहेर आल्यावर तेल, साखर आणि मैदा मिळाला की ते साठवणारं शरीर साठवतच जातं. आता तुम्हीच हिशोब करा. या देशात पिढ्यान्‌पिढ्या उष्टं आणि शिळं कुणी खाल्लं? सातव्या महिन्यातही खडी कुणाच्या आज्यांनी फोडली? वस्तीतलं जाडं पोर बघून 'माजलाय साला' म्हणणाऱ्यांनी आधी त्याच्या आजीच्या उपासांचा हिशोब मांडावा.

आणि आणखी एक. बाबासाहेबांना मधुमेह होता. शेवटची काही वर्षं त्या रोगानं त्यांना फार छळलं. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? ठाऊक असलं तर किती जणांनी स्वतःची साखर तपासलीय?

आता मुद्द्यावर येतो. एरोबिक.

हा शब्द ऐकला की चकचकीत कपड्यांतल्या, आरशासमोर उड्या मारणाऱ्या बाया डोळ्यांपुढे येतात. शब्दाचा अर्थ साधा आहे. ग्रीक भाषेत 'एर' म्हणजे हवा आणि 'बायोस' म्हणजे जीवन. हवेवर चालणारा व्यायाम. अंगातले मोठे स्नायू एका लयीत बराच वेळ हलत राहतात, छाती भात्यासारखी चालते, आणि शरीर हवेतल्या ऑक्सिजनवर आपलं इंधन जाळतं. झपाझप चालणं, पळणं, दोरीवरच्या उड्या, सायकल, पोहणं, नाचणं, खो-खो, सगळं यात आलं. १४ एप्रिलला मिरवणुकीत चार तास लेझीम खेळणारी पोरं एरोबिकच करत असतात. फक्त वर्षातून एकदा.

हा शब्द घरोघर नेला अमेरिकी हवाई दलातल्या केनेथ कूपर या डॉक्टरनं, १९६८ साली 'एरोबिक्स' नावाचं पुस्तक लिहून. पण त्याच्या पंधरा वर्षं आधी, १९५३ साली, लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं याहून मोठं काम केलं होतं. त्यानं दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. बस एकच, रस्ता एकच, धूरही तोच. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतर करतोय. हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त निघाला. व्यायामाच्या आधुनिक शास्त्राचा पाया कुठल्या एसी जिममध्ये घातला गेला नाही. तो कामगारांच्या बसमध्ये घातला गेला. म्हणून हे शास्त्र आपलं आहे. ते परत मागायचं आहे.

आता वयात येणाऱ्या जाड्या पोरांबद्दल हे शास्त्र काय म्हणतं ते नीट ऐका, कारण शाळेतल्या सरांना हे माहीत नव्हतं आणि अजूनही बहुतेकांना माहीत नाही.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये लॅटिन अमेरिकी वंशाच्या लठ्ठ पोरापोरींना १२ आठवडे, आठवड्यातून ४ वेळा, ३० मिनिटं दम लागेल असा व्यायाम दिला. उपाशी ठेवलं नाही. २०१० साली निकाल छापला. वजन घटलं नाही. पण यकृतातली चरबी ८.९ टक्क्यांवरून ५.६ टक्क्यांवर आली, आतड्यांभोवतीची चरबी कमी झाली आणि इन्सुलिन पहिल्यापेक्षा नीट काम करायला लागलं. परत वाचा. वजन घटलं नाही, तरी रोग मागे हटला.

पिट्सबर्गमध्ये ४४ लठ्ठ मुलींवर प्रयोग झाला. २०१३ साली छापला. काहींना तीन महिने पळण्या-चालण्याचा व्यायाम दिला, काहींना वजनं उचलायला दिली, काहींना काहीच दिलं नाही. आतली चरबी आणि यकृतातली चरबी घटली, इन्सुलिन सुधारलं, ते पळणाऱ्या-चालणाऱ्या मुलींचं. त्याच लोकांच्या आदल्या वर्षीच्या प्रयोगात मुलांना मात्र वजनं उचलूनही फायदा झाला होता. तेव्हा वजनं वाईट नाहीत. पण पोरींना कोपऱ्यात दोन डंबेल देऊन 'घरातच कर' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तिसरा प्रयोग जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावचा, २०१२ साली छापलेला. पोरं जरा लहान, ७ ते ११ वर्षांची, एकूण २२२, निम्म्याहून जास्त काळी. काहींना रोज २० मिनिटं, काहींना ४० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस दमवलं. दोन्ही गटांत दम वाढला, चरबी घटली, मधुमेहाचा धोका कमी झाला. ४० मिनिटंवाल्यांना जास्त फायदा.

असं का होतं? स्नायू हलला की तो रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न बघता आत ओढून घेतो आणि जाळतो. थांबल्यावरही काही तास, दीड-दोन दिवस, इन्सुलिनचं काम सोपं राहतं. मग तो असर ओसरतो. म्हणून रविवारी एकदा मर-मर पळून उपयोग नाही. थोडं थोडं, पण जवळजवळ रोज.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी ओरडून सांगतो. जाड्या पोराला काट्यावरून उतरवा आणि मैदानावर आणा. काटा हलला नाही म्हणून पोरं तिसऱ्या आठवड्यात व्यायाम सोडतात. आई म्हणते, "वजन तर तेवढंच हाय, कशाला फुकट चपला झिजवतोस?" खरं सांगायचं तर नुसत्या व्यायामानं वजन फार उतरत नाहीच, त्याला ताटही बदलावं लागतं. पण काळीज, यकृत, साखर यांना काट्याचा आकडा विचारावा लागत नाही. मोजायचंच असेल तर दम मोजा. गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबत होतास, आता कितव्यावर थांबतोस? हे मोजमाप खरं. याला लाज लागत नाही आणि वर्गात मोठ्यानं वाचलं तरी कुणी हसत नाही.

ऑगस्टातल्या काळ्या पोरांवरून आठवलं. १९७२ साली मुंबईत पँथर जन्मली तिनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. त्या ब्लॅक पँथरनी १९६९ च्या जानेवारीत ओकलंडच्या एका चर्चमध्ये शाळकरी पोरांना सकाळचा फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली. पुढे मोफत दवाखाने काढले. त्यांच्या खांद्यावरची बंदूक आपल्याला पाठ आहे, हातातला नाश्ता आपण विसरलो. पोरांचं शरीर हा त्यांना राजकारणाचा प्रश्न वाटला. आपल्याला अजून वाटत नाही. आपल्या राज्यात २०२३ साली शाळेच्या खिचडीबरोबर अंडं सुरू झालं आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारनं त्याचे पैसे बंद केले. किती मोर्चे निघाले? पोरांच्या ताटातलं अंडं उचलून नेलं आणि आपण बॅनरवर कुणाचा फोटो मोठा यावर भांडत बसलो.

आता जागतिक आरोग्य संघटनेचं ऐका. २०२० साली तिनं सांगितलं, ५ ते १७ वयाच्या प्रत्येक पोरानं दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल असं काहीतरी केलं पाहिजे. सलग नको, तुकड्या-तुकड्यांनी चालेल. आणि तिच्याच शास्त्रज्ञांचा हिशोब असा की २०१६ साली जगातली ११ ते १७ वयाची शंभरातली ८१ पोरं एवढं करत नव्हती. ऐकायला छान आहे. पण हा तास करायचा कुठं?

मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटरच्या घरात. केंद्र सरकारचीच नगररचनेची तत्त्वं म्हणतात माणशी १० ते १२ पाहिजे. सव्वा चौरस मीटरमध्ये माणूस मांडी घालून बसू शकतो, पळू शकत नाही. तीही सरासरी झाली. ज्याच्याकडे जिमखान्याचं कार्ड आहे त्याची जागा आणि गोवंडीतल्या पोराची जागा एकत्र मिळवून काढलेली. आमच्या गोवंडीत पुनर्वसनाच्या सात-सात मजली इमारती अशा चिकटून उभ्या केल्यात की कुठं कुठं दोघींच्या मधे तीन मीटर जागा. खालच्या मजल्यावर दुपारी बाराला दिवा लावतात. त्या फटीत पोरानं पळावं कसं? फटीत पडतो तो कचरा.

आणि हवा? हवेवर चालणारा व्यायाम म्हणालो ना? पळताना माणूस बसल्या जागेपेक्षा कित्येक पट हवा आत ओढतो. कुठली हवा? देवनारचं डम्पिंग १९२७ सालापासून आमच्या उशाशी आहे. साल लक्षात आलं का? त्याच १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. एकीकडे पाण्याची लढाई चालू होती आणि दुसरीकडे या शहरानं आपला कचरा टाकायला जागा ठरवली. २०१६ च्या जानेवारीत तो डोंगर पेटला तेव्हा धूर दिवसेंदिवस हटला नाही. अशा धुरात पोरांना पळवणं हा व्यायाम नाही, अत्याचार आहे. त्या दिवशी घरात, जिन्यात जे होईल ते करायचं. पण स्वच्छ हवा ही कुणाच्या बापाची नाही, हेही त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसात जाऊन सांगायचं.

मैदान ही आपल्यासाठी कधीच साधी जागा नव्हती. पालवणकर बाळूंचं नाव किती जणांना माहीत आहे? चांभाराचा पोरगा. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदान राखायचा आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायचा. पुढे हिंदूंच्या संघात घेतला, कारण त्याच्याशिवाय जिंकता येईना. त्याच्या हातचा चेंडू चालायचा, पण चहाच्या सुट्टीत त्याला पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले. कप्तानी त्याला मिळाली नाही. ती शेवटी १९२३ साली त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळाली. आज कुणी मातीचं भांडं पुढे करत नाही. आज फाटकाला कुलूप लावतात, फी लावतात, 'फक्त सभासदांसाठी' अशी पाटी लावतात. काम तेच.

आणि पोरींसाठी तर दोन-दोन कुलपं. जगाचा तोच हिशोब सांगतो, मुलांतले ७७.६ टक्के कमी हलतात, मुलींतल्या ८४.७ टक्के. आपल्या वस्तीत तर हिशोबाचीही गरज नाही. न्हाण आलं की पोरगी मैदानातून उठते ती कायमची. गल्लीत पळाली तर नाक्यावरची पोरं शिट्ट्या मारतात. त्यात ती जाडी असली तर विचारूच नका. आणि दोस्तांनो, नाक्यावरच्या त्या पोरांत निळा टिळा लावणारी आपलीच पोरं असतात. मनूला शिव्या घालायच्या आणि संध्याकाळी पोरीच्या पळण्यावर हसायचं. हा कुठला विद्रोह?

आमच्या बिल्डिंगीत आम्ही एक गोष्ट केली. गच्चीला कायम कुलूप. सेक्रेटरीकडे किल्ली मागितली तर म्हणाला, "पोरी वर कशाला? पाण्याच्या टाक्या हायत, पडलीबिडली तर?" आम्ही पोरं परत आलो. मग दुसऱ्या दिवशी नऊ आया गेल्या. किल्ली मिळाली. संध्याकाळी सहा ते सात. पंधरा पोरी. गुंतवणूक काय? चार दोऱ्या आणि एक जुना मोबाईल, गाण्यांसाठी. लंगडी, दोरी, लेझीम, नाच. आणि वर यायचं ते जिन्यानं, सात मजले.

पहिल्या दिवशी एक पोरगी तिसऱ्या मजल्यावर भिंतीला टेकून बसली. नववीतली. म्हणाली, "भाऊ, मला नाय जमणार. शाळेत पण मला बसवतात." माझ्या पोटात गोळा आला. मी तिला दप्तरं सांभाळायला सांगितलं नाही. दोन पोरी तिच्या बाजूला बसल्या, दम खाल्ला, मग तिघी उठल्या. अडीच महिन्यांनी ती सातव्या मजल्यावर बोलत बोलत पोचते. तिच्या आईनं दुकानातल्या काट्यावर वजन करून आणलं. तेवढंच. मग आईच म्हणाली, "पण आता हंडा घेऊन वर येते तर धापा टाकत नाय. आणि रात्री नीट झोपते." मला दुसरं प्रमाणपत्र नको.

आता गेल्या आठवड्यात सेक्रेटरीनं किल्ली परत मागितलीय. वरच्या मजल्यावरच्यांना धपधप आवाजाचा त्रास होतो म्हणे. वर्षभर त्याच गच्चीवर लग्नाचे मांडव पडतात, डीजे वाजतो, तेव्हा छताला कान नसतात. पोरी उड्या मारायला लागल्या की छत हलतं.

पण नुसत्या सेक्रेटरीला शिव्या देऊन सुटका नाही. आपल्याकडेही बघा. वस्तीतलं उरलंसुरलं मैदान कुणाच्या गाड्यांनी भरलंय? त्यात आपल्या पुढाऱ्यांच्या गाड्या किती? स्टेज कुणाचं बांधून ठेवलंय महिना-महिना? आपली थोरली पोरं जिममध्ये हजार रुपये भरतात, दंड फुगवतात, डब्यातली पावडर पितात आणि दोन मजले चढले की धापा टाकतात. दंडात बेटकुळी आहे, छातीत दम नाही. समता सैनिक दलाची कवायत आपल्या आजोबांनी फोटोसाठी केली नव्हती. चळवळ चालवायला चालणारी माणसं लागतात.

तेव्हा करायचं काय, ते मी मांडतो. पटलं तर घ्या, नाहीतर भांडायला या.

पहिलं. शाळेत जायचं आणि विचारायचं, मैदान कुठंय? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान पाहिजे असं लिहिलंय. पीटीचा तास गणिताला देऊन टाकतात तो परत मागायचा. आणि कुठल्याही पोराला वजन मोठ्यानं वाचून दाखवायचं नाही, कुणालाही दप्तरं सांभाळायला बसवायचं नाही.

दुसरं. वॉर्ड ऑफिसात जाऊन आपल्या वस्तीत विकास आराखड्यात मैदानासाठी राखलेले भूखंड कुठले, त्यांच्यावर आज काय उभं आहे, हे माहितीच्या अधिकारात मागायचं. कागद हातात घेऊन मग मोर्चा काढायचा.

तिसरं. मैदान मिळेपर्यंत थांबायचं नाही. जिना आहे, गच्ची आहे, बुद्धविहारासमोरची दहा फूट फरशी आहे. जाड्या पोरानं पहिल्या दिवशी पळायचं नाही. दहा मिनिटं झपाझप चालायचं. चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढा दम लागला की पुरे. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची. मग हळूहळू पळणं, दोरी. गुडघा दुखला तर सायकल नाहीतर पोहणं. छातीत दुखलं, चक्कर आली, दमा असला तर आधी डॉक्टर. आणि मानेवर काळी मखमली पट्टी दिसली तर ती मळ म्हणून घासत बसू नका. ती अनेकदा इन्सुलिन बिघडल्याची खूण असते. सरकारी दवाखान्यात साखर तपासा.

चौथं. पोरींसाठी रोज एक तास राखलेला, आणि त्या तासाला नाक्यावर शिट्टी वाजणार नाही याची हमी आपल्या पोरांनी द्यायची. ही हमी देता येत नसेल तर १४ एप्रिलला घोषणा देऊ नका.

पाचवं. जयंतीची वर्गणी डीजेला जाते त्यातला थोडा तुकडा काढा. चाळीस दोऱ्या, दोन फुटबॉल, लेझमाचे दोन संच आणि शनिवारी सकाळी पोरांना उकडलेलं अंडं. एवढ्यात वर्षभर वस्तीतली सगळी पोरं हलतील.

माझा तो साथी परत म्हणेल, हे सुधारणावादी झालं, क्रांती कुठंय? साथी, महाडला काय होतं? पाणी प्यायचं होतं. तळ्यात पाणी होतं, तहान होती, मधे माणसं उभी होती. इथंही तेच आहे. पोरांना दम पाहिजे, हवा आहे, जमीन आहे, मधे कुलूप आहे. ते कुलूप कुणी लावलं आणि किल्ली कुणाच्या खिशात आहे, हे विचारायचं. बस एवढंच.

येत्या रविवारी सकाळी दहाला आमच्या सोसायटीची सभा आहे. विषय, गच्चीची किल्ली. पंधरा पोरी आणि त्यांच्या आया येणार आहेत. ती नववीतली पोरगी बोलणार आहे. तिनं मला विचारलं, "भाऊ, उभं राहून बोलू की बसून?"

मी म्हटलं, उभी राहा. आपण फार बसलो.

जय भीम.